"रक्त आठ टक्के" म्हणजे काय? लाल पेशी मोजणाऱ्या छोट्या यंत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करतो. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. तपासणीच्या खिडकीवर, शिबिरात, आशाताईंच्या बैठकीत तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. मागे रांग लागलेली असली की खिडकीवर दोन वाक्यांत भागवावं लागतं, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिलं आहे. आजारावरचा इलाज इथे सापडणार नाही, तो डॉक्टरांकडे. आकडा कुठून येतो आणि कुठे फसतो, एवढंच माझं काम.

सिस्टर म्हणाल्या रक्त आठ टक्के हाय. मग बाकीचे ब्याण्णव टक्के गेले कुठं?

हा प्रश्न एका आजोबांनी मला अगदी गंभीर चेहऱ्याने विचारला होता आणि प्रश्न रास्तच आहे. पूर्वी रिपोर्टवर "ग्रॅम टक्के" असं छापलेलं असायचं. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम हिमोग्लोबिन, लाल पेशींतला प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ. बोलता बोलता त्यातला ग्रॅम गळाला आणि टक्के तेवढे उरले. आठ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८ ग्रॅम हिमोग्लोबिन. शंभर टक्के कुणाचंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात. गरोदर बाईसाठी हा आकडा साधारण ११ आहे.

खरोखरचे टक्के असलेला आकडा वेगळाच असतो. त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. रिपोर्टवर तो एचसीटी किंवा पीसीव्ही या नावाने येतो. शंभर भाग रक्तातला किती भाग लाल पेशींनी व्यापला आहे, ते हा आकडा सांगतो. पुरुषांत साधारण ४० ते ५०, बायकांत ३६ ते ४६. तिसरा आकडा पेशींच्या मोजदादीचा. मोहरीच्या दाण्याएवढ्या रक्ताच्या थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, धडधाकट माणसाच्या पंचेचाळीस-पन्नास लाख लाल पेशी असतात.

तिन्हींतला फरक मी संत्र्याच्या पेटीवरून सांगतो. पेटीत फळं किती, हा काउंट. पेटीचा किती भाग भरला, हा हिमॅटोक्रिट. रस किती निघेल, हे हिमोग्लोबिन. फळं चांगली असली की तिन्ही आकडे एकमेकांना धरून चालतात आणि हिमोग्लोबिनला तिनाने गुणलं की जवळपास हिमॅटोक्रिट येतं. फळं सुकी, बारकी निघाली तर पेटी दिसते बऱ्यापैकी भरलेली, पण रस निघत नाही. लोहाच्या कमतरतेत लाल पेशींचं असंच होतं. ही पेटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोट टोचून जी छोटी मशीन लावता, ती पेशी मोजते का खरंच?

नाही. हातात मावणारी बहुतेक यंत्रं एकही पेशी मोजत नाहीत. ती दुसरंच काहीतरी मोजतात आणि त्यावरून पेशींचा अंदाज बांधतात. रक्ताने किती प्रकाश गिळला, किती वीज अडवली, किती वेळात ते नळीतून पुढे सरकलं. निंदणीला किती बाया आल्या ते बांधावरच्या डब्यांवरून ओळखावं, तसा हा प्रकार. बहुतेक दिवशी हिशेब बरोबर येतो. पण एखादी दोन डबे घेऊन आली, एखादी डबाच विसरली, की चुकतो. डब्यांवरून मोजलं की चूक डब्यांची होते, चपलांवरून मोजलं की चपलांची. तसं प्रत्येक यंत्र आपापल्या पद्धतीनेच चुकतं. ते नेमकं काय मोजतंय हे माहीत असलं की ते कुणाच्या बाबतीत चुकेल हेही आधीच सांगता येतं. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

मग पेशी मोजणारं यंत्र कोणतं?

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या लॅबमधलं सीबीसीचं, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजदादीचं, मोठं यंत्र. त्यामागची कल्पना वॉलेस कूल्टर या अमेरिकन माणसाची, पेटंट १९५३ चं. रक्त मिठाच्या पाण्यात भरपूर पातळ करायचं आणि एका बारीक भोकातून ओढायचं. भोकाच्या दोन्ही बाजूंना विजेची टोकं. पेशी भोकातून गेली की तेवढ्यापुरती वीज अडते आणि एक ठोका पडतो. ठोके मोजले की पेशी मोजल्या. ठोका जितका उंच तितकी पेशी मोठी.

गंमत अशी की हे यंत्रसुद्धा हिमॅटोक्रिट सहसा मोजत नाही. पेशींची संख्या गुणिले एका पेशीचं आकारमान, असा गुणाकार करून छापतं. हिमॅटोक्रिट सरळ मोजायचं तर काचेची केसाएवढी नळी रक्ताने भरून सेंट्रिफ्यूजमध्ये पाचेक मिनिटं गरागरा फिरवायची. पेशी खाली बसतात, पिवळसर पाणी वर येतं आणि मोजपट्टी लावून वाचता येतं. वीज गेली नाही तर ही पद्धत आजही झकास आहे. वीज जाते, हा भाग वेगळा.

छोट्या मशीनमध्ये रक्ताची पट्टी घालतात, तिला वीज लावून लाल पेशी किती ते कसं कळतं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, तेव्हा थोडं थांबून सांगतो.

रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, खारट असतं. त्यातून वीज सहज वाहते. लाल पेशीच्या आतही क्षार आहेतच, पण तिच्याभोवती चरबीचं अतिशय पातळ आवरण असतं आणि ते विजेला आत शिरू देत नाही. ओलिताच्या पाटात मातीची ढेकळं पडली की पाणी ढेकळांना वळसा घालून जातं. ढेकळं जास्त झाली की पाणी रडतरडत पुढे सरकतं. विजेचंही तेच. पेशी जास्त तर वळसे जास्त, वळसे जास्त तर वीज कमी पोहोचते. नुसत्या प्लाझ्मातून जितकी वीज जाते, त्याच्या साधारण निम्मीच निरोगी माणसाच्या अख्ख्या रक्तातून जाते. हा फरक चांगलाच मोठा आहे, म्हणून स्वस्तातल्या पट्टीलाही तो पकडता येतो.

पट्टीवर दोन इलेक्ट्रोड, म्हणजे विजेची टोकं, छापलेले असतात, कार्बनचे किंवा धातूचा पातळ थर दिलेले. त्यांना अगदी थोड्या दाबाची, उलटसुलट होणारी वीज देतात, सेकंदाला काही हजार हेलकावे. बॅटरीची सरळ वीज दिली तर इलेक्ट्रोडच्या तोंडाशी क्षारांची गर्दी होते आणि आकडा भरकटतो. हेलकावे सेकंदाला लाखोंच्या घरात नेले तर वेगळीच मजा. तेव्हा आवरण विजेला अडवू शकत नाही आणि ती पेशीच्या आतूनही जायला लागते. कमी हेलकाव्यांवर पेशीचं बाहेरचं रूप दिसतं, जास्त हेलकाव्यांवर आतलं. ह्यूगो फ्रिके या शास्त्रज्ञाने १९२५ साली रक्ताच्या अशाच विद्युत मोजमापावरून लाल पेशीच्या आवरणाची जाडी काढली होती, सुमारे ३.३ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा जन्मालाही आला नव्हता!

आता हे फसतं कुठे? पहिलं, तापमान. एका अंशाने पारा चढला की खारट पाण्यातून जाणारी वीज साधारण दोन टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे पौषातल्या पहाटेत आणि वैशाखातल्या दुपारीत तीस अंशांचंही अंतर पडतं. त्यामुळे यंत्रात तापमापक बसवलेला नसेल तर तो आकडा हवामानखात्याचा समजायचा. दुसरं, प्रोटीन. प्लाझ्मातली प्रोटीनं वीज वाहून नेत नाहीत, नुसती जागा अडवतात. कुपोषित रुग्णात किंवा भरपूर सलाइन चढवलेल्या माणसात ती विरळ होतात, वीज जास्त जाते, आणि यंत्र हिमॅटोक्रिट आहे त्याहून कमी दाखवतं.

तिसरी फसगत आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची. विजेवर चालणारी काही यंत्रं हिमॅटोक्रिट काढतात आणि त्याला ०.३४ ने गुणून "हिमोग्लोबिन" म्हणून दाखवतात. आता ती संत्र्याची पेटी आठवा. लोह कमी असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन खरं ८, पण पेशी फिकट असल्यामुळे हिमॅटोक्रिट मात्र साडेसत्तावीसच्या आसपास. यंत्र गुणाकार करतं आणि दाखवतं ९.४. सव्वा-दीड ग्रॅम फुकटात मिळाला. ज्या बाईसाठी यंत्र गावात आणलं, नेमकं तिच्याच बाबतीत ते गोड बोलतं. म्हणून अशा यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा दिसला की तो मोजलेला आहे की गुणलेला, हे माहितीपत्रकात पाहून घ्यावं.

सासूबाईंची शुगर घरच्या मशीनवर १५० आली, लॅबमध्ये १२५. खोटं कोण बोलतंय?

आधी त्यांचं हिमोग्लोबिन किती आहे ते सांगा. साखरेच्या प्रश्नावर मी रक्ताची गोष्ट काढली की लोकांना वाटतं मी विषय टाळतोय. पण पट्टीच्या साखरेचा आणि लाल पेशींचा संबंध थेट आहे.

पट्टीवर एक एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं. ते रक्तातल्या ग्लुकोजशी भिडलं की इलेक्ट्रॉन मोकळे होतात. एक मधला रासायनिक पदार्थ ते इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवतो आणि जितकी वीज येते तितकी साखर. एन्झाइमच्या इलेक्ट्रोडची मूळ कल्पना १९६२ सालची, लेलँड क्लार्क यांची. यात ग्लुकोजला रक्तातून वाट काढत एन्झाइमपर्यंत यावं लागतं. दाट पऱ्हाटीतून माणूस हळू चालतो, विरळ पऱ्हाटीतून झपाझप. लाल पेशी दाट असतील तर ठरलेल्या पाच सेकंदांत कमी ग्लुकोज पोहोचतं आणि साखर कमी दिसते. पेशी विरळ असतील तर जास्त पोहोचतं आणि साखर फुगून दिसते.

म्हणजे रक्त कमी असलेल्या माणसाची साखर पट्टीवर खऱ्यापेक्षा जास्त येते. १२५ च्या जागी १५० दिसली तर फार तर जीव घाबरेल. खरा धोका उलट्या टोकाला आहे. इन्शुलिन घेणाऱ्या, अंगात रक्त नसलेल्या बाईची साखर खरोखर ५५ वर उतरली आणि पट्टीने ७२ दाखवली, तर घरचे म्हणणार सगळं ठीक आहे. तिला दरदरून घाम फुटलाय, हात थरथरताहेत, तरी मशीनकडे बघून गप्प बसू नका. साखर द्या आणि मग दवाखान्याचा रस्ता धरा. तिची शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ उचलून न्या.

नवजात बाळाचं याच्या उलट. त्याचं रक्त घट्ट असतं, हिमॅटोक्रिट पन्नास-साठच्या घरात, त्यामुळे साध्या पट्टीवर त्याची साखर कमी दिसू शकते.

हेही खरं की जेवणानंतर बोटाच्या आणि शिरेच्या रक्तातली साखर मुळातच थोडी वेगळी असते. दोन्ही नमुने एकाच वेळी, उपाशीपोटी घेतलेले नसतील तर भांडण लावू नये.

नव्या मशीनमध्ये ही चूक दुरुस्त केलेली असते म्हणतात. खरं का?

बऱ्याच मशीनमध्ये, हो. पट्टीवर साखरेच्या इलेक्ट्रोडशेजारी आणखी एक जोडी असते आणि ती वर सांगितलेल्या ढेकळांच्या पद्धतीने हिमॅटोक्रिट चाचपते. काही पट्ट्या रक्त नळीतून किती वेळात भरलं ते मोजतात, कारण पेशी जास्त असलेलं रक्त घट्ट असतं आणि सावकाश चढतं. मग आतला हिशेब साखरेचा आकडा वरखाली सरकवतो. हिमॅटोक्रिट स्वतः पडद्यावर दाखवणारी यंत्रं मोजकीच आहेत. बाकीची ते आतल्या आत वापरून टाकतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

विकत घेताना डब्यातला तो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद उघडा. त्यात "हिमॅटोक्रिट" शब्दापुढे एक पल्ला दिलेला असतो. ३० ते ५५ लिहिलं असेल तर हिमोग्लोबिन दहाच्या खाली असलेल्या माणसासाठी ती पट्टी नाही, कारण त्याचं हिमॅटोक्रिट सहसा तीसच्या खाली असतं. आपल्याकडे पल्ला निदान २० पासून सुरू होणारा घ्यावा. त्याच कागदावर आयएसओ १५१९७ असा क्रमांक शोधा. २०१३ च्या या मानकानुसार साखर १०० च्या खाली असताना फरक १५ मिलिग्रॅमच्या आत, आणि १०० च्या वर असताना १५ टक्क्यांच्या आत, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तरी असायला हवा. म्हणजे खरी २०० असेल तर १७० ते २३० पर्यंत काहीही आलं तरी मशीन पास! हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

शिबिरात प्लास्टिकच्या चकतीत रक्त घेऊन हिमोग्लोबिन सांगतात, ते कसं?

ते प्रकाशाचं काम. चकतीच्या आतली फट अगदी बारीक असते आणि दहाएक मायक्रोलिटर (एक मायक्रोलिटर म्हणजे एक घन मिलिमीटर) रक्त ती आपोआप ओढून घेते. एका प्रकारात आत कोरडी औषधं लावलेली असतात. ती पेशी फोडतात, हिमोग्लोबिन बाहेर येतं, त्याचा रंग एकसारखा केला जातो आणि मग ५७० नॅनोमीटरचा प्रकाश किती गिळला गेला ते बघतात (हा आकडा प्रकाशाच्या लहरीची लांबी, म्हणजेच त्याचा रंग, सांगतो). शिवाय ८८० वरही एकदा बघतात. रक्तात चरबी तरंगत असेल, गढूळपणा असेल तर तो या दुसऱ्या आकड्यातून वजा होतो. औषध नसलेल्या चकत्याही मिळतात. त्या ५०६ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, कारण तिथे प्राणवायू घेतलेलं आणि सोडलेलं हिमोग्लोबिन सारखाच प्रकाश गिळतं.

ही पद्धत सरळ रस मोजते, पेटी किती भरली याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून लोह कमी असलेल्या बाईसाठी मी विजेच्या गुणाकारापेक्षा हिच्यावर विश्वास ठेवतो. अनिमियामुक्त भारत ही मोहीम २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून गावपातळीवर डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर वापरायचं धोरण आहे.

तिचे शत्रू दोन, बुडबुडा आणि दमट हवा. चकतीत हवेचा बुडबुडा राहिला की रक्त कमी, म्हणून आकडा कमी. आणि औषधवाल्या चकत्यांची डबी पावसाळ्यात उघडी ठेवली की औषध ओल धरतं. चकती काढली की झाकण लगेच लावायचं. आशाताईंना मी हे इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मी दिसलो की त्याच झाकण लावून दाखवतात.

आधी नळीत थेंब टाकून तपकिरी रंग जुळवायचे, ती पद्धत वाईट होती का?

साहलीची पद्धत. वाईट नव्हे, पण डोळ्यावर अवलंबून. वीस मायक्रोलिटर रक्त, पातळ आम्ल, दहा मिनिटं थांबणं आणि मग थेंब थेंब पाणी टाकत रंग जुळवणं. ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात एकाच माणसाच्या हातून वेगळे आकडे यायचे. दहा मिनिटं तर शिबिरात कुणीच थांबत नसे.

ऑक्सिमीटरवर ९८ येतात. म्हणजे माझं रक्त भरपूर आहे ना?

करोनापासून हा प्रश्न घराघरात गेला आहे. उत्तर साफ नाही असं आहे. बोटाला चिमटा लावणारं ते यंत्र ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या दोन प्रकाशांवरून एवढंच सांगतं की जितकं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के प्राणवायूने भरलं आहे. बसमध्ये ९८ टक्के सीटा भरल्या, पण बस आहे बारा सीटची का पन्नास सीटची, ते त्याला कळत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहतं. १४ ग्रॅमवाल्याच्या १०० मिलिलिटर रक्तात जवळपास १८-१९ मिलिलिटर प्राणवायू असतो, ७ ग्रॅमवालीच्या रक्तात त्याच्या निम्मा. दोघांच्याही बोटावर ९८.

ही यंत्रं सिकलसेल सांगतात का?

नाही सांगत. पण सिकलसेल मात्र या यंत्रांच्या आकड्यांत लुडबुड करतो, म्हणून हे उत्तर लांबणार.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा एकच घटक बदललेला असतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन. प्राणवायू सोडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोर बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, मेळघाट, आपल्या सगळ्या पट्ट्यात हा आजार आहे, आदिवासी समाजात आणि इतर अनेक समाजांतही. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे.

आता आकड्यांकडे. फिरवायच्या काचेच्या नळीत गोल पेशी एकमेकींवर नीट बसतात. विळ्यासारख्या पेशी तशा बसत नाहीत. आडव्यातिडव्या काड्यांच्या ढिगासारख्या त्यांच्यामध्ये फटी राहतात, त्या फटींत प्लाझ्मा अडकतो आणि हिमॅटोक्रिट खऱ्यापेक्षा जास्त वाचलं जातं. मघाशी मी त्या पद्धतीला झकास म्हटलं, इथे ती फसते.

गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी म्हणजे रक्त एका द्रावणात टाकायचं, आणि मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या नाहीत तर सिकल हिमोग्लोबिन आहे असं समजायचं. या चाचणीत लाल पेशींची पातळी आडवी येते. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर द्रावणात पुरेसं गढूळपण येत नाही आणि आजार असूनही चाचणी निगेटिव्ह निघू शकते. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि नुकतंच रक्त चढवलेल्या माणसातही तेच. म्हणून ही चाचणी करताना शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेला नसेल तर मी रिपोर्ट अर्धाच मानतो. ती वाहक आणि रुग्ण यांतला फरकही सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी लॅबमधली चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, लागते.

अजून एक. सिकलसेल रुग्णाला मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी चाचणी त्याच्यासाठी भरवशाची नाही. लाल पेशी एरवी १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळाची साखर अंगावर साठवते. सिकलसेलमध्ये तिचं आयुष्यच दहा-वीस दिवसांचं. तीन महिन्यांची गोष्ट ती कुठून सांगणार?

मोबाइलवर डोळ्याचा, नखाचा फोटो काढून रक्त सांगणारं ॲप वापरू का?

संशोधन चालू आहे. गोळ्या किती घ्यायच्या हे त्यावरून ठरवू नका.

कागदावर रक्ताचा थेंब टाकून पेशी ओळखता येतात, हे खरं?

हो, आणि तंत्र साधं आहे. टिपकागदावर घट्ट रक्त कमी पसरतं, पातळ रक्त जास्त. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले थेंब कागदावर वाळवून तपासायला पाठवतात, तिथे हा प्रश्न लॅबवाल्यांना जुनाच ठाऊक आहे. हिमॅटोक्रिट बदललं की डागाचा घेर बदलतो आणि त्या डागातून कापलेल्या तुकड्यात रक्त किती आलं हेही बदलतं. तीच अडचण उलटी फिरवून काही संशोधक कागदाच्या पट्टीवर रक्त किती अंतर चढलं, यावरून हिमॅटोक्रिट वाचायची साधनं बनवतात. विजेची गरज नाही, ही जमेची बाजू. दमट हवेत कागद वेगळा वागतो, ही खोट. श्रावणात आपल्याकडे पापडसुद्धा कुरकुरीत राहत नाही.

उन्हाळ्यात मशीन वेडंवाकडं का दाखवते?

बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि बहुतेक ग्लुकोमीटर ४० अंशांच्या पलीकडे कामच करत नाहीत. आपला मे महिना ४५ च्या पुढे जातो. एका वर्षी एका गावातून लागोपाठ विचित्र आकडे यायला लागले. कुणाची साखर भलतीच, कुणाची मशीन नुसती एरर दाखवते. दोन दिवस आम्ही मशीन बदलत बसलो. शेवटी कळलं की पट्ट्यांची डबी मोटरसायकलच्या डिकीत राहत होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, उन्हात. त्या डिकीत अंडं उकडलं असतं, एन्झाइमचं काय घेऊन बसलात!

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाशेजारी, पण कोरड्या बंद डब्यात, एवढी सोय घरात होते. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर पट्टीवर दव धरतं.

उन्हाचा दुसरा परिणाम माणसावरच होतो. दिवसभर तेंदूपत्ता तोडून पाणी न पिता आलेल्या बाईचं रक्त आटून घट्ट झालेलं असतं. तिचं हिमोग्लोबिन त्या दिवशी बरं दिसतं. पाणी पाजून, विसावा घेऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा.

गरोदरपणात रक्त कमी होणारच, असं गावातल्या बाया म्हणतात.

थोडं खरं आहे. गरोदरपणात लाल पेशी वाढतात, पण प्लाझ्मा त्याहून जास्त वाढतो. पाणी जास्त घातलेल्या वरणासारखं. म्हणून गरोदर बाईसाठी रेघ १२ ऐवजी ११ वर आहे. पण सातच्या खाली आकडा आला तर तो तीव्र ॲनिमिया, त्याला "होतच असतं" म्हणून सोडायचं नाही.

बोट टोचताना कोणती काळजी घ्यायची?

आधी हात धुवा. संत्री सोललेल्या, गूळ फोडलेल्या किंवा मोहफुलं वेचलेल्या बोटावर साखर चिकटलेली असते, आणि पट्टीला ती रक्तातली की बोटावरची हे कळत नाही. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका, पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडं करा. बोटावर पाणी किंवा स्पिरिट राहिलं की थेंब पातळ होतो.

मधलं किंवा अनामिका, तेही टोकाला मधोमध न टोचता थोडं कडेला. शेतात राबणाऱ्या हातांची कातडी जाड असते, तेव्हा सुई पुरेशी खोल जाऊ द्या. वरवर टोचून मग बोट पिळत बसणं, ही मी पाहिलेली सगळ्यात मोठी चूक. पिळलं की पेशींबाहेरचं पाणी थेंबात मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी येतं. हात गार असेल तर आधी चोळून गरम करा, खाली लोंबकळू द्या. हिमोग्लोबिनसाठी पहिला थेंब पुसून टाकायचा.

तपासायला रग्गत काढून काढून पोरगी आणखी अशक्त नाही का होणार?

मोठ्या बाईच्या अंगात साधारण चार लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिनच्या चकतीला लागतं दहा मायक्रोलिटर, म्हणजे त्या चार लिटरमध्ये अशा चार लाख चकत्या भरतील. साखरेच्या पट्टीला तर अर्धा ते एक मायक्रोलिटर पुरतो. पोट भरून उठणारा एक मच्छर दोन-तीन मायक्रोलिटर घेऊन जातो आणि रिपोर्टही देत नाही.